हरण्या कुणी विकला?

दिग्या,

आज लोहाऱ्याच्या बाजारात मला कुणी विचारलं नाही.

गाडीतून उतरलो, टॉवेल खांद्यावर टाकला, जनावरांच्या रांगेतून शेवटच्या लिंबापर्यंत गेलो आणि परत आलो. एरवी एवढ्या वाटेत एखाद्या टेम्पोमागून, चहाच्या गाड्यावरून आवाज यायचाच, "हरण्या कुणी विकला?" दुसरीकडून उत्तर यायचं, "जालू दलालानं!" मग हशा. मी आयमाय काढायचो, कधी दगड उचलायचो, आणि माझा दिवस सुरू व्हायचा. तीस वर्षांत एक बाजार असा गेला नाही. आज मला बघून माणसं बोलायची थांबली. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढली. माझ्यासाठी कुणी टोपी काढावी याची मला सवय नाही, दिग्या. चार म्हशी होत्या, दोन व्यवहार जुळत आले होते. मी हात आखडला आणि घरी आलो. आता लिहीत बसलोय. तुझ्या बँडमधला सलीम म्हणतो, तुझ्यावर एक पुस्तिका काढायची आहे, जालूभाऊ, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी काय लिहू, मी गाण्यातला चोर.

पेपरात तुझा फोटो आला. "ज्येष्ठ पंक गायक" असं छापलंय. तू असतास तर ज्येष्ठ या शब्दावर थुंकला असतास. मागच्या वर्षी म्हणाला होतास, "ज्येष्ठ व्हायचा एकच फायदा, एसटीत अर्धं तिकीट. बाकी नुसता अपमान." पंक म्हणजे काय ते मात्र पेपरवाल्यानं लिहिलं नाही, कारण त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. ज्याला गाता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही, त्याचं गाणं. ही व्याख्या तुझीच.

पुण्याचं कॉलेज अर्ध्यात टाकून तू गावात आलास, तेव्हा तुझ्या पिशवीत दोन सदरे आणि कव्हर नसलेली एक कॅसेट होती. न्हाव्याच्या दुकानातल्या टेपवर तू ती लावलीस. मी दाढी करून घेत होतो. तो आवाज ऐकून न्हाव्याचा वस्तरा थांबला. मी म्हटलं, "हे काय रं? कडबाकुट्टीत दगड गेलाय का?" तू खूश झालास. म्हणालास, "जाल्या, ह्या माणसांना गाता येत न्हाय, तरी गात्यात. मला बी येत न्हाय." आठ दिवसांत तू गावात कडबाकुट्टी चालवणाऱ्या सलीमला डबड्यांवर बसवलंस आणि बँडचं नाव ठेवलंस कडबाकुट्टी. ते नाव माझ्या तोंडचं. एवढ्या मुलाखती दिल्यास, एकदाही सांगितलं नाहीस. ही माझी पहिली तक्रार. ती लहान आहे.

मोठी तुला माहीत आहे. म्हणजे, तुला फक्त शेवटचे चार महिने माहीत होती. तीच इथं लिहितो. ज्यांना शब्द दिला होता ते तुझे वडील, अप्पा गेले, आणि ज्याच्यापासून लपवायचं होतं तो तू गेलास. आता लपवून कुणासाठी ठेवू?

तू गावात आलास त्या उन्हाळ्यात मी दलाल म्हणून पहिल्यांदा बाजारात उभा राहिलो. त्याआधी बारा वर्षं दुसऱ्याच्या जनावरांचे कासरे धरून उभा राहायचो, तुला ठाऊक आहे. बाप माझा लोकांची गुरं वळायचा. खांद्यावर नवा टॉवेल होता, कारण टॉवेलाशिवाय दलाल होत नाही. हातावर टॉवेल टाकायचा, त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि त्याखाली ठरलेलं बाहेर बोलायचं नाही. माझं पहिलं गिऱ्हाईक कोण? तुझे अप्पा. हातात तुमच्या बैलाचा, हरण्याचा कासरा.

मी म्हटलं, "अप्पा, जोडी फोडताय? पेरणी तोंडावर आलीया."

"हात दे."

"दिग्याला ठावं हाय का?"

"हात दे म्हनलं ना, जालिंदरा."

मी टॉवेल टाकला. अप्पांची बोटं माझ्या तळहातावर थरथरत होती. भाव सांगायच्या आधी त्यांनी नुसतीच माझी बोटं धरून ठेवली. मग हळू आवाजात बोलले. हरण्या सुरीला जाता कामा नये, नांगराच्या घरी जाऊ दे. आलेल्या पैशातून दिग्याला हवी असलेली ती तारांची पेटी आण. कुठून आली विचारलं तर ऑर्केस्ट्रा मोडला, भंगारात मिळाली म्हणून सांग. "आन् मी घरी सांगनार हाय, जालूनं मला बोलण्यात गुंतवलं आन् बैल काढून घेतला म्हणून."

"अप्पा, आजच धंद्याला उभा राहिलोय मी."

"म्हणूनच तुला सांगतोय. तुला अजून नाव न्हाय. ज्याला नाव न्हाय त्याचं काय जातंय?"

"पण खरं का सांगत न्हाय तुम्ही त्याला?"

अप्पा हरण्याकडं बघत म्हणाले, "पोरगं ह्या बैलावर जीव टाकतंय. हरण्या विकून आणली म्हणून कळलं तर ती पेटी हातात धरायचं न्हाय."

मी शब्द दिला. नाव नसलेल्या माणसाकडं द्यायला दुसरं काही नसतं.

हरण्या सीमेपलीकडच्या एका कानडी शेतकऱ्याला दिला. दोन वर्षांनी मुद्दाम जाऊन बघून आलो, अंगावर माशी बसू देत नव्हता, एवढा तुकतुकीत होता. आणि विक्रीच्या दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला गेलो. एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या खोलीत तुझी गिटार भिंतीला टेकवून ठेवली होती. मला त्यातलं काय कळणार? जे कळतं ते केलं. भोवती दोन चकरा मारल्या, पाठीवर थाप मारली, दात बघून जनावराचं वय विचारतात तसं म्हटलं, "किती दाती आहे?" तो माणूस बघतच राहिला. मी म्हटलं, "म्हातारी दिसतीय. मानेला बाक आलाय. आणि ही एक तार गंजलेली." तासभर घासाघीस केली, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, शेवटी आवाजाचा डबाही वर घेतला. आयुष्यात मी इतका चांगला सौदा दुसरा केला नाही. तो कुणाला सांगताही आला नाही.

तुला गिटार दिली तेव्हा तू माझ्याशी बोलत नव्हतास. बैलाचा राग होता. पिशवीतून काढून घेतलीस आणि म्हणालास, "ह्याच्यात बी काय तरी मारलं असशील तू." महिन्याभरात त्याच गिटारीवर तू गाणं केलंस.

हरण्या कुणी विकला? जालू दलालानं. दावं कुणी सोडलं? जालू दलालानं. गोठा कुणी झाडला? जालू दलालानं.

पहिल्यांदा ते तू बाजाराच्या दिवशी म्हटलंस, मंडपवाल्याचा कर्णा लावून. मनगटाला हरण्याच्या गळ्यातला पितळी खिळ्यांचा पट्टा, दोन वेढे देऊन बांधलेला. जनावर विकलं तरी दावं आणि पट्टा घरी ठेवतात, गोठ्याची बरकत त्यात राहते म्हणतात. अप्पांनी ठेवला होता, तो तू उचललास. पुढं पुण्या-मुंबईची रंगीत केसांची पोरं तुला विचारायची, सर, हा पट्टा कोणत्या दुकानातला? तू म्हणायचास, "लोहाऱ्याचा बाजार. दुकान बंद पडलं." त्या दिवशी मी गर्दीत उभा होतो. पलीकडं अप्पा. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता ते हात वर करतील. त्यांनी मान खाली घातली आणि चपलेचा अंगठा बघत राहिले. मग गर्दी तुझ्यामागं ओरडायला लागली. अप्पा म्हणाले होते मला नाव नाही. एका दुपारी मला नाव मिळालं.

तुझं गाणं मला कधी आवडलं नाही, हे आज मेलेल्या माणसापुढंही खोटं बोलणार नाही. तेच तीन सूर, तोच आरडाओरडा, तीस-पस्तीस वर्षं. पण तू थांबला नाहीस, हे मी बघत आलो. परंड्याला गणपतीत मंडळवाल्यांनी तुझी वीज तोडली, कारण तू आरतीच्या वेळी पाण्याच्या टँकरचं गाणं काढलंस. तू वीज नसताना तासभर ओरडलास, आणि सलीम प्लास्टिकची खुर्ची बडवत होता. समोर कोण होतं? मी, एक होमगार्ड आणि एक शेळी. मी का होतो विचारशील तर तुझ्याशी भांडायला आलो होतो. दात पडला तरी तू गायलास. गुडघा गेला तरी उडी मारायचास आणि खाली आल्यावर आईला हाक मारायचास. शहरातल्या लोकांनी तुला तिकडंच राहा म्हटलं, तू प्रत्येक वेळी परत आलास. म्हणायचास, "तिकडं सगळं बरं हाय. चिडायला इकडंच यावं लागतंय."

स्टँडसमोरच्या हॉटेलात आपलं भांडण दरवर्षी व्हायचं. चहा माझा, शिव्या दोघांच्या.

"नाव काढ गाण्यातून."

"न्हाय निघत."

"एका दलालानं म्हण. बसतंय की तालात."

"एका दलालानं? जाल्या, ही काय तहसीलची नोटीस हाय का? शिवी नावानं द्यावी लागती. नावाबिगर लागत न्हाय."

"मग दुसऱ्याचं घाल."

"दुसऱ्यानं माझा बैल न्हाय विकला."

इथं माझ्या जिभेवर यायचं. प्रत्येक वर्षी यायचं. मी चहाचा ग्लास आपटायचो आणि निघून जायचो. हॉटेलवाला म्हणायचा, ह्या दोघांच्या मैत्रीत माझे ग्लास फुटतात.

माझ्या पोरीला परंड्याकडचं स्थळ आलं होतं. कांदेपोहे, चहा, काय ते सगळं झालं, आणि मुलाच्या चुलत्यानं फोनवर तुझं गाणं लावून हसत विचारलं, "ह्यातले ते तुम्हीच का?" मी उठून त्याची कॉलर धरली. स्थळ गेलं. पोरगी पुढं चांगल्या घरी पडली, पण त्या दिवशी ती आतल्या खोलीत उशीत तोंड घालून होती, ते मी विसरलो नाही. तुझ्याकडं आलो. तू सगळं ऐकलंस, रडलास सुद्धा. आणि पुढच्या शनिवारी तेच गाणं, तेच नाव.

आणि तूच तो, ज्यानं माझी बायको सोलापूरच्या दवाखान्यात होती तेव्हा अकरा दिवस तिच्या उशाशी जागून काढले. मला खायला पाठवायचास, तिला हसवायचास. ती गेली तेव्हा तिच्या पायाशी तू होतास, मी औषधाच्या दुकानाच्या रांगेत होतो. ते ऋण मी कोणत्या टॉवेलाखाली फेडू? तेराव्यानंतर पहिल्या बाजारात तू पुन्हा ते गाणं म्हटलंस. मी विचारलं, लाज वाटत नाही का? म्हणालास, "मैतरकी वेगळी, गाणं वेगळं." माझ्यात ही दोन कधी वेगळी झालीच नाहीत.

मग तुझा गळा गेला. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला भोक, हातात पोरांची पाटी. पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तू पाटीवर लिहिलंस, "आता भांडणात तू जिंकणार." मी हसलो नाही.

त्या दुपारी सलीम फोन घेऊन आला होता. पुण्यात कुठंतरी पोरांनी तुझ्यासाठी कार्यक्रम केला होता. हजार तोंडं एकदम ओरडत होती, कुणी विकला, जालू दलालानं. तू पलंगाच्या लोखंडावर बोटांनी ठेका धरलास. डोळ्यांत केवढा आनंद. आणि माझं डोकं फिरलं. तुझा आवाज गेला तरी माझी बदनामी चालूच राहणार, मी मेल्यावरही राहणार, माझ्या नातवंडांनाही कुणीतरी विचारणार. मी सलीमला बाहेर काढलं, दार लावलं, आणि सांगितलं. सगळं. अप्पा, हरण्या, सोलापूर, गिटार. गळा असलेल्या माणसाशी बोलायची मला तीस वर्षं छाती झाली नाही, आणि तोंड बंद झालेल्या माणसावर मी ओरडत होतो. बाहेरून नर्सनं दार वाजवलं एवढा ओरडत होतो.

तू पाटी घेतलीस. लिहिलंस, "अप्पा?" मी मान हलवली. पुसलंस. मग लिहिलंस, "दाखव."

मला कळलं काय ते. खांद्यावरचा टॉवेल काढला, तुझ्या हातावर टाकला आणि त्याखाली तुझा हात धरला. आयुष्यभर तू त्या टॉवेलाची टिंगल केलीस, चोरांचं काम म्हणालास, उघड बोला म्हणालास. त्याच्याखाली मी तुझी बोटं दाबली, अप्पांनी माझी दाबली होती तशी, त्याच क्रमानं. आधी नुसती धरून ठेवली, मग भाव. तारांनी तुझ्या बोटांची टोकं खडकासारखी झाली होती. सगळं दाखवलं, फक्त अप्पांची थरथर दाखवता आली नाही. ती तुझ्याच हाताला सुटली.

मग तू हात बाहेर काढलास. मनगटावरचा पट्टा सोडवलास. दोन वेढे, पितळेचे खिळे, घामानं काळं पडलेलं चामडं. माझ्या हातात ठेवलास आणि माझी मूठ मिटलीस.

दिग्या, दुसऱ्या कुणाला ती भेट वाटली असती. मी जनावरांच्या बाजारातला माणूस आहे. जनावर विकणारा पट्टा देत नाही. जो दावं-पट्टाही देऊन टाकतो, त्याच्या गोठ्यात पुन्हा जनावर उभं राहत नाही, हे त्यानं ठरवलेलं असतं. मी पट्टा तुझ्या उशाशी ठेवला, तू ढकललास. पुन्हा ठेवला, पुन्हा ढकललास.

गळा गेल्यावरही तू गिटार वाजवत होतास, सलीम सांगतो. पोरांना नवीन चाली बोटांनी दाखवत होतास. त्या दुपारनंतर तू तिला हात लावला नाहीस. भिंतीकडं तोंड करून ठेवायला लावलीस. अप्पा म्हणाले होतेच, कळलं तर हातात धरायचं न्हाय. अडाणी म्हातारा, पण तुला ओळखून होता. मी तुला नाही ओळखलं. मला वाटायचं, खरं कळलं की तू माझ्या गळ्यात पडशील, गाणं बदलशील, बाजारात सांगशील, जालू चांगला माणूस होता. मी आयुष्यभर समोरच्याची नड ओळखून भाव केला, आणि माझी नड अशी निघाली. तू चार महिने जगलास. गप्प. ते चार महिने मी तुझ्याकडून काढून घेतले, हे मला माहीत आहे, आणि आता हिशेब मागणारं कुणी नाही.

परवा गावात तुझी शोकसभा झाली. शाळेच्या मैदानावर, तुझ्याच कर्ण्यावर. सभा सुरू व्हायच्या आधी सलीम माझ्याकडं आला. म्हणाला, "जालूभाऊ, दिगाभाऊनं जाताना पाटीवर लिहिलं होतं, जालूचं नाव काढा. कारण न्हाय लिहिलं. आज आम्ही एका दलालानं म्हणणार हाय."

तीस वर्षं जे मागत होतो ते मिळालं. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो, पट्टा खिशात.

सलीमनं ठेका दिला. आता तोही साठीचा आहे, आवाज बारीक, पण प्रश्न त्यानंच विचारला, हरण्या कुणी विकला? पोरं म्हणाली, एका दलालानं. मैदान काहीच म्हणालं नाही. काहींच्या ओठांवर जालू आला आणि तिथंच मेला. सलीमनं पुन्हा विचारलं. पुन्हा एका दलालानं. कुणीतरी खोकलं. तहसीलची नोटीस वाचल्यासारखं वाटलं, दिग्या. अगदी तसंच. तू खरं बोलत होतास, आणि हे तुला सांगायला तू नाहीस.

मी उठलो. खुर्ची मागं पडली. सलीमनं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी छातीतून ओरडलो, "जालू दलालानं!"

सगळं मैदान मागं वळलं. आधी पोरं ओरडली, बायका ओरडल्या, तो म्हातारा टोपीवालाही ओरडला असेल. या पुस्तिकेत खरं छापून आल्यावरही, वाचणाऱ्यांनो, ते तसंच म्हणा. मी नाव परत घातलं आहे, आणि आता ते काढायचा हक्क माझाही नाही.

पण त्यापुढची ओळ तुझी होती. दावं कुणी सोडलं, हा प्रश्न तुझ्याशिवाय कधी कुणी विचारला नव्हता. पहिल्या ओळीला सलीमचा आवाज कसाबसा पुरला, दुसरीला तो फुटलाच नाही आणि काठ्याच तेवढ्या चालू राहिल्या. ठेका एकदा फिरला, दोनदा फिरला, पोरं एकमेकांकडं बघत राहिली. मी खिशातल्या पट्ट्यावर मूठ आवळून, तोंडात उत्तर धरून उभा होतो. कुणी विचारलं नाही.